काळजावरची चरबी

बजाजनगरात मोरे चौकातून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत कडूबाईची खानावळ आहे. पाटी नाही, पण कंपन्यांची पाळी सुटली की माणसं फोडणीच्या वासावर बरोबर तिथं येतात. सकाळी डबे, दुपारी ताटं, रात्री पुन्हा ताटं. भाकरी कडूबाई स्वतः थापते, पोळ्यांना दोन बाया आहेत, आणि वाढायला तिचा नवरा कचरू. त्याची कंपनी बंद पडली तेव्हा तो बायकोच्या हाताखाली आला, आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. बोलणं मात्र त्याला जमत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण आज भाजी कशी झाली हे त्यानं कधी सांगितल्याचं कडूबाईला आठवत नव्हतं.

कडूबाई अंगानं चांगलीच भरलेली. रिक्षात तिच्या शेजारी दुसरं कुणी नीट बसू शकत नसे. त्याचं तिला दुःख नव्हतं. दुपारची माणसं जेवून गेली की ती पातेल्यांच्या तळाशी उरलेलं पुढ्यात घेऊन बसायची. शेवभाजीची तर्री, तळलेल्या मिरच्या, चुरलेल्या भाकऱ्या, कधी वाटीभर शिरा. टाकून देणं तिच्या हातानं होतच नसे. त्यालाही कारण होतं. गंगापूरकडच्या त्यांच्या गावात आई वारली तेव्हा कडूबाई बारा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ अभय नुकता चालायला लागला होता. बाप मजुरीला जायचा. घरात असेल ती भाकरी ती पाण्यात भिजवायची, मऊ झालेलं अभयला भरवायची आणि वाटीत उरलेलं पाणी आपण प्यायची. त्या दिवसांपासून भूक तिच्या पोटात ठाण मांडून बसली होती, आणि पुढं भरल्या घरातही ती उठून गेली नाही.

अभय शिकला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला, सुलेखाशी लग्न करून हर्सूलला राहू लागला. चाळिशीच्या आत असताना त्याचे डोळे पिवळे झाले. आधी कावीळ म्हणून झाडपाला झाला, मग तपासण्या झाल्या, आणि कळलं की त्याच्या शरीरानंच त्याच्या लिव्हरवर उलटून हल्ला केला आहे. वर्षभर गोळ्यांवर निभावलं. मग पोटात पाणी साचू लागलं. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, तरी गावाकडचे लोक एकमेकांत कुजबुजायचे. तेवढं एक त्याला फार लागायचं.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हर बदलावं लागेल, घरातल्याच कुणीतरी आपल्यातला तुकडा द्यावा लागेल. खर्चाची सोय विमा आणि एका संस्थेनं मिळून केली. सुलेखानं सगळ्यात आधी हात पुढं केला, पण तिचा रक्तगट जुळला नाही. मग कडूबाईनं तपासणी करून घेतली.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टर अश्लेषा वयानं लहान होत्या आणि सावकाश बोलायच्या. त्यांनी पडद्यावरचं चित्र कडूबाईकडं वळवलं.

“मावशी, रक्तगट जुळतो. लिव्हरचा आकारही पुरेसा आहे. पण त्यात चरबी आहे, बरीच.”

“लिव्हर म्हंजी बोकडाची कलेजी असती, तेच ना?”

“तेच.”

कडूबाईनं पदर सावरला. “वरून जाड हाय ते समद्यांना दिसतंय, मॅडम. आतून बी झाले का?”

अश्लेषा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “अर्ध्याहून जास्त लिव्हर आम्ही अभयला देणार. उरलेल्यावर तुम्हाला जगायचं, दिलेल्यावर त्याला. चरबीनं भरलेलं असेल तर दोघांनाही धोका. ती उतरल्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही.”

“मग उतरवा. काय गोळी-औषध असंल ते द्या.”

“आठवड्याला एक घ्यायचं इंजेक्शन आहे. त्यानं भूक कमी होते, वजन उतरतं आणि त्याबरोबर लिव्हरची चरबीही उतरते. मी पुष्कळांना देते, चांगला गुण येतो. पण ते अगदी थोड्यापासून सुरू करून महिन्यामहिन्यानं वाढवत न्यावं लागतं. शिवाय ऑपरेशनच्या आधी थांबवावंही लागतं. अभयकडे तेवढा वेळ नाही.”

“अन दुसरं काय?”

“दुसरं ताटातलं. खाणं आवरलं की लिव्हर सगळ्यात आधी हलकं होतं. पोट दिसायला कमी व्हायला महिने लागतात, लिव्हरला काही आठवडेही पुरतात.”

“मंग मी उपाशीच राहते.”

“उपाशी नाही. उपाशी राहिलात तर ताकद जाईल आणि मी ऑपरेशन करणार नाही. कमी खायचं, पण नेमकं खायचं.”

साखर बंद, तळलेलं बंद, भात बंद. एका वेळेला अर्धी भाकरी, वाटीभर घट्ट वरण, उकडलेली अंडी, पालेभाजी, ताक. आणि रोज चालणं. खानावळ चालवणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नव्हतं, आणि मॅडमना ते कळत होतं, कारण जाताना त्यांनी विचारलं, “मावशी, चव कोण बघतं तुमच्याकडं?”

“मीच बघते ना.”

“दिवसभरात किती बघता?”

कडूबाईनं मनातल्या मनात हिशोब केला आणि पिशवी उचलली.

घरी येऊन तिनं कचरूला समोर बसवलं. “उद्यापासून चव तुमी बघायची.”

कचरूनं मान हलवली.

“नुसती मान हलवायची नाय. मीठ हाय का, तिखट झालं का, मसाला कच्चा लागतो का, समदं बोलायचं. नायतर गिऱ्हाईक जाईल.”

पहिल्या दिवशी येसर मसाल्याच्या आमटीचा घोट घेऊन कचरू बराच वेळ उभा राहिला. कडूबाई पळी हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती. “बरी हाय,” तो म्हणाला.

“बरी म्हंजी?”

“म्हंजी... काल जरा जास्त चांगली होती.”

“काल काय होतं?”

त्यानं पुन्हा घोट घेतला, डोळे मिटले. “काल खोबरं जास्त भाजलेलं होतं.”

कडूबाई चाटच पडली. खोबरं खरोखरच कमी भाजलं गेलं होतं. पंचवीस वर्षं हा माणूस तिचं अन्न नुसता गिळत होता असं तिला वाटत होतं, आणि त्याच्या जिभेवर सगळं जमा होत होतं. “आतापर्यंत कामून बोलला नाय?” तिनं विचारलं.

“तू इचारलं नाय.”

असं सुरू झालं. दिवस कठीण होते. दुपारचे चार वाजले की तिचे हात आपोआप पातेल्याकडं जायचे. ती आपली अर्धी भाकरी आणि वरण घेऊन मागच्या दारात बसायची, आणि कचरू उरलेलं तिच्या डोळ्यांआड उचलून शेजारच्या बांधकामावरच्या बायांना देऊन यायचा. संध्याकाळी खानावळ उघडायच्या आधी दोघं चालायला निघायचे. सुरुवातीला चौकापर्यंत जाऊन ती दुकानाच्या पायरीवर बसायची. कचरू शेजारी उभा राहायचा, पाण्याची बाटली धरून. लोक बघायचे. तरुणपणीसुद्धा ही दोघं कधी अशी बरोबर फिरली नव्हती.

रात्री भुकेनं झोप येईना तेव्हा तिला गावाकडचं घर आठवायचं. पण आताची भूक वेगळी होती. ती भूक कुणीतरी लादलेली होती, ही तिनं स्वतःहून अंगावर घेतली होती. तरी पोटाला ते कसं समजवायचं? पोट आपलं त्याच जुन्या भीतीनं ओरडायचं.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. चरबी उतरली होती, बावीस टक्क्यांवरून चौदावर. मॅडम खूश झाल्या. “अगदी बरोबर चाललंय, मावशी. अजून थोडं. दहाच्या खाली आणू.”

पण त्याच आठवड्यात अभयला दवाखान्यात ठेवावं लागलं. पोटातलं पाणी काढलं. तो अर्धवट ग्लानीत होता, सुलेखाला ओळखत होता आणि मध्येच ओळखत नव्हता. कडूबाई त्याच्या पायाशी बसली. त्याच्या पिंडऱ्या वाळल्या होत्या आणि पोट तेवढं टरारलं होतं. तिला वाटलं, ह्याचं आयुष्य माझ्या पोटातल्या चार-पाच टक्क्यांत अडकलंय.

खानावळीत विश्वजीत नावाचा एक सुपरवायझर जेवायला यायचा. जाडजूड माणूस, वर्षभरात निम्मा झाला होता. त्यालाही लिव्हरचीच चरबी होती, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेच आठवड्याचं इंजेक्शन घेत होता. कडूबाईनं त्याला ताट वाढता वाढता औषधाचं नाव विचारून घेतलं. “मावशी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका बरं घेऊ,” तो म्हणाला. “मला पहिले दोन महिने अगदी छोटा डोस होता.” ती व्हय म्हणाली. दुसऱ्या दिवशी कचरू मंडईत गेलेला बघून तिनं लांबच्या एका औषधाच्या दुकानातून ते आणलं. कोणता डोस पाहिजे, असं दुकानदारानं विचारलं. “जोराचा द्या,” ती म्हणाली, आणि त्यानं दिला. त्याच रात्री न्हाणीत जाऊन तिनं ते पोटाला टोचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं लक्षात आलं, भूक नव्हती. कमी झाली नव्हती, नव्हतीच. लसणाची फोडणी पडली तरी नाकाला काही वाटेना. तिनं पोटावर हात ठेवून बघितला. लहानपणापासून सोबत असलेलं कुणीतरी न सांगता घर सोडून गेल्यासारखं झालं होतं. सुरुवातीला तिला फार हलकं वाटलं, आणि मग त्याच शांततेची भीती वाटली. वासच कळेना, तर मसाला भाजला की करपला हे कसं कळणार? त्या दुपारी वरणात मीठ दोनदा पडलं, आणि कचरूनं चव बघायच्या आधीच ताटं वाढली गेली होती.

संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. पाणीही ठरेना. कचरूनं तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. पदराच्या गाठीतून तिनं त्या इंजेक्शनचं रिकामं पेन काढून अश्लेषा मॅडमच्या हातात ठेवली.

मॅडमनी ते उलटसुलट करून बघितलं. “हा डोस आम्ही कितीतरी महिन्यांनी देतो, मावशी.”

“चुकलं माझं.”

“औषधात वाईट काही नाही. हेच औषध मी कदाचित पुढं तुम्हाला देईनसुद्धा. पण आज ते अंगात असताना भूल देणं धोक्याचं. अंगातून जाऊ द्यावं लागेल. आपले तीन-चार आठवडे गेले.”

कडूबाईनं तोंड भिंतीकडं वळवलं. कचरू तिच्या पायांवर चादर ओढत होता. “त्यानं लवकर होईल वाटलं मला,” ती म्हणाली. “तिकडं त्याचं पोट फुगायलंय अन मी हितं अर्धी भाकरी खाऊ राहिले.”

मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. “अर्ध्या भाकरीनंच तुमचं निम्मं काम झालंय. अभय आता स्थिर आहे, मी त्याच्याकडं बघते. तुम्ही ताटाकडं बघा.”

हे सगळं अभयला कळलंच. दवाखान्यातून सुटल्यावर त्यानं कडूबाईला आणि कचरूला हर्सूलला बोलावून घेतलं. अंगणात खुर्चीवर तो पांघरूण घेऊन बसला होता, आवाज बारीक झाला होता.

“अक्का, मला नको तुझं लिव्हर.”

“कामून?”

“तू अशी लपून इंजेक्शनं घेणार, उलट्या करणार. तुला काही झालं तर मी त्या तुकड्यावर जगू कसा? गेलेल्या माणसाचं लिव्हर मिळतं, त्या यादीत आपण नाव लावलंय. कुणाचं तरी मिळेल.”

“न्हाय मिळालं तर?”

तो दाजींकडं बघू लागला. कचरू नखानं खुर्चीचं प्लास्टिक खरवडत होता. “ती ऐकायची नाय,” कचरू म्हणाला. “पर आता लपून काय करायची नाय. मी हाय ना सोबत.” एवढं लांबलचक तो अभयपुढं पहिल्यांदाच बोलला असेल.

सुलेखानं दोन ताटं आणली. अभयला मीठ बंद होतं, पाणी साचू नये म्हणून. अक्काला तेल बंद. एका ताटात बिनमिठाची मुगाची डाळ, दुसऱ्यात बिनफोडणीची. कडूबाईनं अभयच्या ताटातला एक घास खाऊन बघितला आणि तोंड वाकडं केलं. अभयनं तिच्या ताटातला खाल्ला.

“तुझं बरंय की,” तो म्हणाला. “मीठ तरी हाय.”

“तुझ्या ताटात तुपाचा थेंब हाय. सुलेखाचा लाडका हायेस तू.”

सुलेखा आत स्वयंपाकघरात आपलं मीठ-फोडणीचं ताट घेऊन बसली होती, त्या दोघांपुढं चांगलंचुंगलं खाणं तिला बरं वाटेना म्हणून. कडूबाईनं तिला हाक मारली. “ताट घेऊन बाहेर ये गं. आमी वास तरी घेतो.” सुलेखा बाहेर आली, आणि बऱ्याच महिन्यांनी त्या घरात माणसं जेवताना हसली. उठताना अभयनं बहिणीचा हात धरून ठेवला. “अक्का, हळू कर. मी थांबतो.”

त्यानं थांबायचं कबूल केलं ते ऐकून कडूबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग तिनं घाई सोडली. चालणं चौकापासून पुढं कंपन्यांच्या रस्त्यापर्यंत गेलं. विश्वजीत कधीकधी सोबत यायचा. “मला इंजेक्शन होतं तरी ताट आवरावंच लागलं, मावशी,” तो एकदा म्हणाला. “नुसत्या सुईवर भागत नाही.” भूक परतली होती. ती परतली तेव्हा कडूबाईला जुनी शेजारीण दिसल्यासारखं बरंच वाटलं, पण आता ती तिला दारातच बसवून ठेवायला शिकली. पोट ओरडलं की ती ताक प्यायची आणि मनातल्या मनात भुकेला म्हणायची, आज खायला नाही म्हणून तू ओरडत नाहीस, उगीच घाबरतेस.

दिवाळी झाल्यावर चरबी सात टक्क्यांवर आली. मॅडमनी फोन करून सांगितलं तेव्हा कडूबाई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन कचरूकडं दिला, आणि भाकरी तव्यावर टाकायची विसरली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या बाया विहारात वंदनेला जमल्या. भंतेजींनी कडूबाईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. दवाखान्यात बहीण-भावाला शेजारच्या खोल्यांत ठेवलं होतं. सकाळी आधी तिला न्यायचं होतं. तिची गाडी अभयच्या दारावरून जाताना तो उठून बसला होता. पिवळ्या डोळ्यांनी तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हात जोडले. “असं नको करू,” कडूबाई म्हणाली. “मी थोरली हाय. तू नुसता पड.”

दिवस मावळेपर्यंत कचरू आणि सुलेखा बाहेरच्या बाकावर होते. सुलेखानं आणलेला डबा दोघांनी उघडला नाही. अश्लेषा मॅडम टोपी काढत बाहेर आल्या. “तुकडा अभयमध्ये बसवला की लगेच गुलाबी झाला,” त्या म्हणाल्या. “चांगलं लिव्हर आहे मावशींचं.” कचरूनं मान खाली घातली आणि खांदे हलायला लागले. सुलेखानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचं सगळं सरळ गेलं असं नाही. कडूबाईच्या टाक्यांतून पंधरा दिवस पाणी येत राहिलं. अभयच्या शरीरानं नव्या लिव्हरला एकदा नाकारायचा प्रयत्न केला, मग औषध वाढवलं. पण उन्हाळा लागेपर्यंत त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा पार गेला, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो अर्ध्या दिवसासाठी वर्गावर जाऊ लागला. कडूबाईचं उरलेलं लिव्हर वाढून जवळजवळ पूर्वीएवढं झालं. मॅडमनी तिला ते चित्र पुन्हा दाखवलं.

पण वर्षभरानं वजन पुन्हा चढू लागलं होतं. भाऊ वाचल्यावर पोटाला आवरायला पूर्वीचं कारण उरलं नव्हतं. चरबीनंही हळूच डोकं वर काढलं होतं. कडूबाईला फार लाज वाटली. “मॅडम, समदं वाया घालवलं मी.”

“काही वाया गेलेलं नाही. अभय शाळेत शिकवतोय. आणि शरीर जुनं वजन परत मागतं, त्यात तुमचा गुन्हा नाही. आता आपल्याकडे वेळ आहे. ताट आहे तसंच ठेवायचं आणि सोबत इंजेक्शन, अगदी छोट्या डोसनं सुरू करू. चालेल?”

कडूबाई विचारात पडली. “वास जाईल का पुन्हा?”

“लहान डोसमध्ये सहसा नाही. गेला तर सांगा, थांबवू.”

तिनं कचरूकडं बघितलं. “घे,” तो म्हणाला. “चव मी बघतो.”

पहिली सुई मॅडमनी दिली, पुढच्या कचरू देतो, दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी. मळमळलं तर त्या दिवशी ती हलकं खाते आणि मॅडमना कळवते. फोडणीचा वास तिला येतो. भूकही लागते, पण आता ती बाकीच्या माणसांना लागते तशी, जेवायच्या वेळेला.

विहारात पौर्णिमेला बाया तिला गाठून विचारतात, “कडूबाई, खरं सांग, सुई घेतली का खाणं सोडलं?” ती दोन्ही सांगते, आधी काय, मग काय, आणि दुकानातून आपल्या मनानं आणू नका हेही सांगते, उलट्यांसकट. मग अभयचा फोन येतो. सुलेखानं मेथी केली आहे, दोघं जेवायला या म्हणतो. कडूबाई चपला शोधते, कचरू स्कूटर काढतो, आणि दोघं हर्सूलच्या रस्त्याला लागतात.